पोचल्याचा फोन

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या गल्लीत आशाबाईंच्या घरात पाय टाकायची लोकांना धास्तीच वाटायची. चहापेक्षा पायपुसणं आधी पुढं यायचं. सकाळी सडा, मग फड्यानं झाडणं, मग पोछा, आणि रोज घरातली एकच जास्तीची गोष्ट: सोमवारी पंखे, मंगळवारी डबे, असं ठरलेलं. "रोज थोडं थोडं करा, दिवाळीले कंबर धरून बसावं लागत नाही," हे त्या ऐकणाऱ्यालाही सांगत आणि न ऐकणाऱ्यालाही. चाळीस वर्षांत एकाच कारणानं त्यांचा फडा थांबत असे. घरातून कोणी गावाला निघालं, की ते पोचल्याचा फोन येईपर्यंत घर झाडायचं नाही. जाणाऱ्याच्या पाठीमागं झाडलं तर माणूस परतत नाही, असं त्यांची आई सांगायची. मुलगा श्याम अमरावतीला नोकरीला लागल्यापासून दर खेपेला बडनेऱ्याच्या पुढं गेल्यावर हसत फोन करायचा, "आई, पोचलोच समज. झाड आता." तरी आशाबाई तो घरी पोचल्याच्या फोनची वाट बघत.

एप्रिलमध्ये त्यांच्या नवऱ्याचं, सूर्यभानजींचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. श्याम आणि सून आरती अमरावतीला राहतात, म्हणून दवाखानाही तिथलाच. आशाबाईंचे गुडघे धरलेले, शिवाय पेशंटजवळ एकालाच राहू देणार. त्या घरीच थांबल्या.

निघायच्या सकाळी सूर्यभानजींनी मोगऱ्याला पाणी घातलं आणि चिखलाच्या चपला घालून तसेच आत आले. दारातच फरशीवर चार पावलं उमटली. एरवी आशाबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज गप्प राहिल्या.

"अवं, कावून गप्प?" ते म्हणाले. "आता आठ दिवस तुह्या घरात कोनी पाय उमटवनार नाही. कर मस्त साफसफाई."

"तुमी लवकर या जी. मंग पाहू पायाचं."

न्यायला आलेल्या श्यामची गाडी गल्लीच्या वळणावर गेली. आशाबाई आत आल्या. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि चाळीस वर्षांची सवय लागलेला हात आपोआप दारामागच्या फड्याकडे गेला. बैठकीची खोली निम्मी झाडून झाली, केर सुपलीत भरला, तेव्हा त्या भानावर आल्या. फोन यायचा होता. गाडी अजून शहराबाहेरही पडली नसेल.

मग ज्या बाईनं फरशीवर कधी भाताचं शीत राहू दिलं नव्हतं, तिनं सुपलीतला केर मुठीमुठीनं परत खोलीभर पसरला. दारातल्या चार पावलांपर्यंत फडा गेला नव्हता, तेवढंच नशीब वाटलं. दोन तासांनी श्यामचा फोन आला, पोचलो म्हणाला. तरी त्यांनी फडा हातात घेतला नाही. आता माणूस घरी परतल्यावरच झाडायचं, असं त्यांनी मनाशी धरलं.

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी ताप चढला आणि उतरेना. सहाव्या दिवशी आरती आशाबाईंना दवाखान्यात न्यायला आली. दार उघडल्यावर ती उंबऱ्यातच थबकली. कुलरच्या वाऱ्यानं कोपऱ्याकोपऱ्यात धूळ साचली होती. तिनं मुकाट्यानं फडा उचलला.

"ठेव थो फडा," आशाबाई म्हणाल्या. इतक्या कडक आवाजात त्या सुनेशी कधी बोलल्या नव्हत्या. आरतीला वाईट वाटलं. आशाबाईंना ते कळलं, पण खरं सांगायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात सूर्यभानजींच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले. आशाबाई वाकून त्यांच्या कानाशी बोलल्या, "माह्याकून चूक झाली जी. पन म्या सारा कचरा परत टाकला. तुमचे पाय तसेच हायेत दारात. तुमी या." त्यांना ऐकू गेलं की नाही, ते कळायला काही मार्ग नव्हता. संध्याकाळी आशाबाई हट्टानं अकोल्याला परतल्या. ते येतील तेव्हा घराला कुलूप नको.

नवव्या दिवशी सूर्यभानजी आले ते ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या कापडात. गल्ली गोळा झाली. आयुष्यभर या दारात पाय पुसून आलेली माणसं त्या दिवशी तशीच आत आली, आणि आशाबाई एका कोपऱ्यात बसून नुसत्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या. कोणाला वाटलं, दुःखानं मान खाली गेली आहे. तेही खरंच होतं.

दुपारी सूर्यभानजींना स्मशानात नेलं. शेजारच्या माणिकबाई वयानं मोठ्या, त्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं, "आरती, आता घर झाडून घे माय. मंग दिवा लावू."

आरतीनं फडा घेतला. आशाबाईंनी तिचा हात धरला.

"थांब."

"आई, आता झाडावंच लागते."

"मालूम हाये मले. त्यायले पोचू दे."

माणिकबाई काही बोलायला गेल्या आणि पदर तोंडाशी धरून राहिल्या. आरती तिथंच सासूजवळ खाली बसली. नऊ दिवसांचं सगळं तिला त्या एका वाक्यात उमगलं. अर्ध्या तासानं तिनंच श्यामला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "पोचले का?"

पलीकडे माणसांचा आवाज होता. हे कोणासाठी विचारलंय, ते श्यामला सांगावं लागलं नाही.

"पोचलो, आई," तो म्हणाला. "झाड आता."

आशाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. आरतीच्या हातून फडा घेतला. कोणी त्यांना अडवलं नाही. त्या दारापाशी गेल्या, वाकल्या आणि शेकडो पायांच्या धुळीत ती चार पावलं शोधत बसल्या. ती कुठंच सापडली नाहीत. मग त्यांनी झाडायला सुरुवात केली.