उसनं अळणी

वर्षाराणीनं शब्द दिला होता, आणि तोही नजीराभाभीच्या दारात उभं राहून, अख्खी गल्ली ऐकेल अशा आवाजात.

"भाभी, ह्या बारीला तुमचा खिजर पोरांच्या पंगतीतच बसणार! बकरी गौसभाईंनी कापायची, माझ्या टेम्पोतनं यायची, माझ्या चुलीवर शिजायची. मधी तिसऱ्याचा हात न्हाय. जबाबदारी माझी!"

वर्षाराणी ही मंगळवार पेठेतली नावाजलेली आचारीण. चारशे माणसांचं जेवण नुसत्या नजरेच्या धाकावर उठवायची. तिच्या तोंडून एकदा 'जबाबदारी माझी' निघालं की पेठेत लोक निर्धास्त झोपायचे. खिजर हा तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, गौसभाई आणि नजीराभाभीचा एकुलता एक. संघ जिंकला की तांबडा-पांढऱ्याचं जेवण व्हायचं, पोरं वाट्या तोंडाला लावायची आणि हा गडी कोपऱ्यात बसून उकडलेली अंडी खायचा. हसत खायचा, पण खायचा अंडीच. मटण हलाल आहे हे ठाऊक असल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे त्याच्या घरचं वळण. आणि जेवणाचं मटण कुठून येतं, कुणी कापलं, हे अलीकडे कुणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं.

वर्षाराणीला ते बघवत नसे. तिच्या माहेरी, मलकापूरच्या बाजूला, जत्रेचं बकरं गावचा मुलाणीच कापायचा. मग पाटलाच्या पंक्तीला गावातली मुसलमान घरंही बसायची. कुणी काही विचारत नसे, कारण विचारण्यासारखं काही नसेच. आता मटण पुरवठादाराच्या खोक्यातून येऊ लागलं आणि खिजरच्या वाट्याला अंडी आली, एवढाच तिचा हिशेब होता.

फायनलच्या दिवशी सकाळी गौसभाईंनी आपल्या मटणाच्या दुकानामागं बकरी कापली तेव्हा ती शेजारी उभी होती. मटण टेम्पोत चढलं तशी तीही मागं, मटणाच्या पातेल्यांना टेकून बसली. तिचा दीर कृष्णात खो खो हसला.

"वहिनी, मटणाला पोलीस बंदोबस्त व्हय?"

"हसा भावजी, हसा. शब्द मी दिलाय, तुमी न्हाय."

दुपारपर्यंत सगळं झकास जमलं. मटण शिजवून अळणी काढलं. मटण शिजलेलं हे पाणी म्हणजे कोल्हापुरी जेवणाचा जीव. त्यातूनच तांबडा होतो, त्यातूनच पांढरा. सुकं मटण करून बाजूला झाकून ठेवलं. दोन्ही रश्श्यांची पातेली मंद आचेवर रटरटू लागली. आणि तेवढ्यात बातमी आली की सामना बरोबरीत सुटलाय, आता पेनल्टी!

आता सांगा, मंगळवार पेठेत नांदलेली बाई अशा वेळी चुलीपाशी बसेल? तिनं हातातला डाव कृष्णातच्या हातात कोंबला, "पांढरा फुटू देऊ नगा" असं ओरडली आणि जो पहिला मोटारसायकलवाला दिसला त्याच्या मागं बसून स्टेडियम गाठलं. पलीकडच्या पेठेची शेवटची पेनल्टी. खिजर डावीकडे झेपावला, बोटांच्या टोकानं चेंडू बाहेर गेला आणि सगळं स्टेडियम उठलं. वर्षाराणी किती ओरडली तिचं तिला माहीत; घसा बसला, केसांत गुलाल भरला आणि शेजारच्या अनोळखी बाईला तिनं मिठी मारली होती.

ती उड्या मारत परतली तर कृष्णात दारातच उभा. छाती फुगलेली.

"वहिनी, काळजी मिटवली! जिंकल्यावर दुप्पट माणूस येणार, म्हणून पांढरा वाढवून ठेवलाय."

"कशानं वाढवला?"

"अमरसिंहाकडनं किटलीभर अळणी आणलं की."

अमरसिंह म्हणजे पलीकडच्या गल्लीतला आचारी. त्याच्याकडे आज कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाचं जेवण होतं. कोल्हापुरात अळणी कमी पडलं तर शेजारून आणतात, चहाला साखर आणतात तसं. वर्षाराणीनं स्वतः दहादा आणलं असेल आणि दहादा दिलं असेल. कृष्णातनं केलं ते कुणीही केलं असतं. पण आज तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

"आन् डाव? पांढऱ्यातला डाव तांबड्यात घातला का?"

कृष्णातनं डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "ढवळायचा ऱ्हायलाच हुता की तांबडा."

ती तशीच अमरसिंहाच्या दारात धावली. "मटण कुठलं रं तुझं?"

"खोक्यातलं. हे बघ, शिक्का हाय हलालचा. उगं जीव नगं खाऊ."

शिक्का खरंच होता. एका खोक्यावर. बाकीची खोकी कोरी. तिनं अमरसिंहालाच पुरवठादाराला फोन लावायला लावला आणि फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"पावणं, एकाच खोक्यावर शिक्का का वो?"

"ते काय हाय ताई, आज माल कमी हुता. गाडीत दोन ठिकाणचा माल एकत्र भरला. एक शिक्क्याचा, एक दुसरीकडचा."

"दुसरीकडं कापलं कुणी?"

"ते आता कसं सांगू? माल ताजा हाय बघा एकदम!"

ताजा आहे का, हे कुणी विचारलं होतं त्याला! त्या माणसानं लबाडी केली होती असंही नाही. त्याला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. वर्षाराणीला त्याचाच संताप आला.

लांबून हलगी ऐकू येऊ लागली. मिरवणूक पेठेत शिरली होती.

"आगं, एवढं काय त्यात," अमरसिंह म्हणाला. "त्या एकट्याला सुकं वाढ. रस्सा बाकीच्यांस्नी."

"म्हंजे परत कोपऱ्यातच की!"

कृष्णात मागोमाग आला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, आपुन तिघंच जाणतोय. गप बसलो तर कुणाला कळतंय?"

खोटं कशाला बोला, क्षणभर तिच्याही मनात तेच आलं. आज सारी पेठ आनंदात होती. कशाला त्यावर पाणी ओतायचं? नावाजलेल्या आचारणीची लाज चारचौघांत कशाला निघू द्यायची? ती तालमीपाशी आली तेव्हा मिरवणूक दारात पोचलीच होती. खिजर पोरांच्या खांद्यावर होता, डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखलेला. तिला बघताच त्यानं वरूनच हाळी दिली.

"काकी, लई भूक लागल्या! वाढा पटदिशी!"

त्याच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. ह्या पोराला फसवायचं आणि वर पंगतीत उभं राहून आग्रह करायचा? तिनं हलगीवाल्याचा हात धरून थांबवला आणि तालमीच्या कट्ट्यावर चढली.

"ऐका सगळी! रस्सा चुकलाय. मी चूल सोडून पेनल्टी बघाय गेलतो. मागं दुसऱ्याचं अळणी रश्श्यात पडलं. ते बकरं कुणी कापलं, ठाऊक न्हाय. सुकं बाजूला झाकल्यालं हुतं, त्याला काय झालं न्हाय. पण रस्सा खिजरला चालायचा न्हाय. शब्द मी दिलता, चूक माझी."

बसलेल्या घशातून आवाज फाटून आला, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. कृष्णातचं नाव तिनं घेतलं नाही. खिजर खांद्यावरून खाली उतरला. गर्दीत कुणीतरी कुरकुरलं, "मग आमी काय उपाशी मरायचं? आमाला चालतोय की!"

कप्तान सम्राट गर्रकन वळला. "गप रं! पेनल्टी त्यानं अडवायची आन् रस्सा तू वरपायचा व्हय? थांबतो आमी. कितीबी येळ लागू दे."

गौसभाई गर्दीतून पुढं आले. वर्षाराणीला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी स्कूटरची किल्ली काढली.

"वर्षाताई, भांडी घासाय घ्या. दुकानात उद्याचं अर्धं बकरं टांगलंय, सकाळचंच, माझ्या हातचं. घिऊन येतो."

मग जी धमाल उडाली ती सामन्यात तरी कुठं होती! चषक जिंकून आलेली पोरं गुलालासकट नळावर उकिडवी बसली आणि पातेली घासू लागली. सम्राटनं डाव इतका घासला की वर्षाराणी म्हणाली, "बास कर, झिजल त्यो!" कृष्णात गुपचूप खोबरं खवत बसला, आणि मधूनच डोळे पुसून नारळाला नावं ठेवू लागला. दोन्ही रस्से अमरसिंह घेऊन गेला. त्याच्या पाहुण्यांनी त्या दिवशी वाढदिवसाला बोटं चाटली म्हणे. गौसभाई स्कूटरवर मटण पायाशी ठेवून आले, नजीराभाभी मागं बसून मसाला वाटायला आल्या. कुणी हलगी परत वाजवायला घेतली आणि अळणी उकळू लागलं तशी पोरं पातेल्याभोवती नाचू लागली.

पंगत बसली तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. खिजर सम्राटच्या शेजारी बसला. पानात सुकं आलं, भाकरी आली, वाटीत पांढरा आला. वर्षाराणी बादली हातात धरून समोरच उभी राहिली. तिला पुढं सरकवेना.

खिजरनं वाटी उचलली आणि तिच्याकडे बघितलं.

"काकी, तुमी बोलला नसता तर मी खाल्लं असतं."

"व्हय बाळा. खाल्लं असतंस."

"आता तुमी कुठंबी, काहीबी वाढा. मी इचारणार न्हाय."

त्यानं एका दमात वाटी रिकामी केली. वर्षाराणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि बादली धरलेली असल्यानं तिला ते पुसताही येईना. तेवढ्यात त्यानं वाटी ताटावर दणादणा आपटली आणि अख्ख्या पंगतीत सगळ्यांत मोठ्यानं, अगदी तालीम दणाणून सोडत ओरडला,

"पांढराऽऽ आणा की! किती बोंबलायचं मानसानं!"