उलट्या पदराचा किमोनो

मित्रांनो, मिठाईच्या दुकानात गल्ल्याशेजारी पडलेली बांबूची ही बोटभर पट्टी तुमच्या नजरेतही भरणार नाही. ती मी. कागदाच्या घडीवरून मला दाबून फिरवलं की घडी पक्की बसते, एवढंच माझं काम. पण आज माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून बोलते आहे.

आमच्या सेंदाई शहरात ऑगस्टमध्ये ताऱ्यांचा सण येतो, तानाबाता. दारोदारी बांबू उभे राहतात आणि त्यांवर घड्या घातलेले कागदी करकोचे, बटवे, जाळ्या लटकतात. कागदी किमोनोही असतो, तो पोराबाळांना दुखणं येऊ नये म्हणून. या दुकानाच्या मालकीण तोमेआजी, त्यांच्या वडिलांनी सण उरकल्यावर असाच एक बांबू चिरून मला तासलं. आजी तेव्हा एवढीशी पोर होती. तिच्या हाताखाली मी उभं आयुष्य काढलं. “या गल्लीत तोमेसारखी घडी कुणाची नाही,” असं लोक म्हणायचे, तेव्हा मीही मनातल्या मनात फुशारून जायची. मग आजींची बोटं संधिवाताने वाकली, बाजारात तयार सजावट मिळू लागली आणि मी रबरबँडांच्या खणात जाऊन पडले. कुणी विचारलंसुद्धा नाही.

यंदा खण उघडला तो इत्सुकोने, आजींच्या सुनेने. तिची सात वर्षांची कोनोहा इस्पितळात आहे. पोरीच्या हृदयाला छिद्र आहे, आणि ऑपरेशन आज दुपारी. बापाला तिच्या उशाशी बसवून ही बाई सकाळी धावत घरी आली. लेकीच्या नावाचा किमोनो बांबूला बांधूनच परत जायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

घाईत तिने कागद उपडा धरला आणि उजवा पदर वर आणला. अरे देवा! जिवंत माणसाच्या किमोनोचा डावा पदर वर असतो. उजवा वर येतो तो फक्त मेलेल्याच्या अंगावर. पण मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे? तिने मला घट्ट धरलं आणि सगळा जोर लावून तीच घडी पक्की केली.

तेवढ्यात आजी आल्या. “झालं का गं? दाखव बघू.” पाहताच त्यांचा चेहरा उतरला. “इत्सुको... पदर बघ.”

इत्सुकोने पाहिलं. “आई, हे काय केलं मी! माझ्याच हाताने! आई, असलं काही खरं नसतं, म्हणा ना! एकदा तरी म्हणा!”

इत्सुको घडी उलगडायला लागली, तशी आजींनी तिचा हात धरला. “मोडू नकोस. मोडली तरी खूण राहतेच. आण तो इकडे. हा कोनोहाचा नाहीच मुळी.”

“मग कुणाचा?”

“माझा. ऐंशी उलटली माझी, मला शोभेल. लिही माझं नाव.”

“काहीतरीच काय बोलता, आई! मी नाही लिहिणार!”

“मग पेन दे, मी लिहिते. रडायचं ते नंतर रड. आधी दुसरा कागद घे, आणि आता तरी सुलटा धर, वेडाबाई!”

वाकड्या बोटांनी आजींनी त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि तो किमोनो आपल्या कमरपट्ट्यात खोचला. मग सुनेच्या हातावर हात ठेवून त्यांनी माझ्याकडून नवी घडी घालून घेतली, डावा पदर वर. तो किमोनो बांबूवर चढला. दुकानाला कुलूप लावून दोघी इस्पितळाकडे पळाल्या.

दुपार केव्हाच टळली. बाहेर सणाची गर्दी वाढली आहे. अजून कुणी परतलेलं नाही, आणि मला इथे कोण येऊन सांगणार?

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी वाकडी बोटं असतील. त्यांना जपा रे. आणि आज माझं एक काम करा. तुमच्यासारख्या लहान मुलांचा शब्द देव मोडत नाही म्हणतात. कोनोहासाठी मागणं मागा. पण नुसतं तिच्यासाठी नको. आजी-नात दोघींसाठी मागा.