खिडकीच्या फटीचं क्रीम

सिंकमधला वाडगा उचलला आणि क्रीमबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाडग्यात तिची नोझलं पडली होती. केकवर क्रीमची नक्षी काढायची ती छोटी स्टीलची टोपणं तिने तरुणपणी, एकेक करून, स्वतःच्या पगारातून घेतली होती. एक गुलाबाचं, एक पानाचं, एक चांदणीचं. आता त्यांच्या तोंडात पांढरं काहीतरी रबरासारखं घट्ट बसलं होतं, आणि चांदणीच्या नोझलचे दात कुणीतरी पिनेने कोरताना वाकवले होते.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं, जसं काही घरात दहा माणसं होती. घरात माणसं तीन. मुलगा गोदामात कामाला गेला होता. उरली सून.

सून टेबलापाशी बसून केसांच्या क्लिपेवर मणी चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच. धुवून ठेवणार होते."

"धुवून? दगड धुतला की मऊ होतो का?"

"मला वाटलं, तुम्ही आता ती वापरत नाही."

बोलायला गेलं तर खरं होतं, आणि म्हणूनच ते इतकं झोंबलं. गल्लीच्या टोकाच्या बेकरीत तिने अर्धं आयुष्य केकवर क्रीम चढवलं होतं. खरं नाव कुणाला आठवत नसे. सगळे क्रीमबाईच म्हणत. मग बेकरीत कारखान्याचे तयार केक खोक्यांतून यायला लागले. मालकाला ती नकोशी झाली होती, पण तसं सरळ म्हणायची त्याची छाती नव्हती. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमचे हात थरथरतात आता. गिऱ्हाईक तक्रार करतं." हात थरथरत नव्हते. थरथरले ते हे वाक्य ऐकल्यावर, घरी येताना. आणि नोझलांचा डबा तिने फळीवर सगळ्यात मागे ठेवून दिला होता.

"आणि हे आहे तरी काय?" तिने नोझल सुनेच्या नाकासमोर धरलं.

"सीलंट. खिडकीच्या चौकटीच्या फटी बुजवतात ना, ते. हार्डवेअरच्या दुकानात नळी मिळते. बाजारात खोट्या क्रीमचा तयार चिकट माल मिळतो, पण तो आपल्याला परवडायचा नाही. हे स्वस्त पडतं. नोझलमधून या विकायच्या क्लिपांवर पिळलं की क्रीमसारखं दिसतं, आणि वाळलं की पडत नाही, मोडत नाही."

"खिडकीच्या फटीचं क्रीम," क्रीमबाई म्हणाली. "छान. उद्या गटाराच्या झाकणाचं चॉकलेट कर."

सुनेने पुढचा मणी उचलला. गोदामात मुलाच्या पाळ्या कमी केल्या होत्या, हे दोघींनाही माहीत होतं. ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

पुढचे काही दिवस क्रीमबाईने अबोला धरला. पण घर लहान, आणि टेबल एकच. ती भाजी चिरायला बसायची आणि समोर सूनबाईंचे प्रयोग चालायचे. आधी भिंतीला लावायच्या लांबीचं, म्हणजे पुट्टीचं, क्रीम झालं. ते वाळल्यावर तडकलं आणि क्लिपेवरून पापडासारखं निघून आलं. मग डिंकात दाढीचा फेस घालून बघितला. तो कापसासारखा फुगला आणि सकाळी पाहावं तर पार बसला होता. शेवटी पुन्हा सीलंटच. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, त्यात ते भरायचं, रंगाचा एखादा थेंब घालून मळायचं, कोपरा कापायचा आणि पिळायचं. तुटलेल्या कानातल्यांचे मणी, जुन्या ब्लाउजची बटणं, काहीही त्यावर दाबून बसवायचं. क्लिपा, हातातले आरसे, मोबाइलची कव्हरं. एक पैचाही माल वाया जायचा नाही. कुणीही कौतुक केलं असतं, पण क्रीमबाई कौतुक करायच्या मनःस्थितीत नव्हती.

तिला खुपत होतं ते वेगळंच. सून पिळायची चुकीचं. प्रत्येक फुलाला वर शेपूट यायचं. पहिल्या दिवशी क्रीमबाईने तिकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून सुरी खाली ठेवली गेली.

"दाब आधी सोड, मग हात उचल," ती खेकसली. "किती वेळ बघायचं मी हे? उंदरं काढतेस की फुलं?"

"दाखवा मग," सून म्हणाली.

"मी कशाला दाखवू? माझा काय संबंध?" म्हणत तिने पिशवी हिसकावून घेतली.

सीलंट क्रीमपेक्षा जड होतं आणि हाताला ओढायचं. पहिलं फूल बिघडलं. तिला आणखी राग आला. तिसरं फूल असं उठलं, की सून नुसती बघत राहिली.

त्यानंतर अबोला सुटला, पण राग गेला नाही. क्रीमबाई शिकवायची ती शिव्या घातल्यासारखी. मनगट फिरव, खांदा नको. घाई कुठली आहे, गाडी चुकतेय का. सून दात-ओठ खाऊन ऐकायची आणि पुन्हा करायची. कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरवालीने क्लिपा ठेवून घेतल्या आणि त्या खपल्या. पार्लरवालीने आणखी मागवल्या. सुनेने चांदणीचं नवं नोझल आणून गुपचूप डब्यात ठेवलं. क्रीमबाईने ते पाहिलं, उलटसुलट करून तपासलं आणि "पत्रा पातळ आहे" एवढंच म्हणाली.

मग एके दिवशी सून म्हणाली, "आई, एक मोठं काम आलंय. एका दुकानाच्या काचेत ठेवायला खोटा केक हवाय. तीन मजल्यांचा. आत थर्मोकोल घालू. बरोबर छोट्या क्लिपाही हव्यात, केकसारख्या."

"कुठलं दुकान?"

"आहे एक," सून म्हणाली आणि नळी कापायला लागली.

क्रीमबाईने पुढे विचारलं नाही, कारण तोवर तिच्या डोक्यात गुलाब फिरायला लागले होते. तो केक तिने जीव ओतून केला. कडेने दोऱ्यासारख्या झालरी, प्रत्येक मजल्यावर पानं, आणि वर गुलाबांचा झुबका, ज्यातल्या प्रत्येक पाकळीची कड कागदासारखी पातळ. बेकरीत असा केक करायला तिला कधी वेळच मिळाला नव्हता. गिऱ्हाईक कायम दारात उभं असायचं. इथे सीलंट वाळायला दिवस घेत होतं, आणि तिला घाई नव्हती. केक घेऊन सून गेली तेव्हा क्रीमबाईला घर रिकामं वाटलं. आपण इतकं खूश व्हावं याचाही तिला थोडा रागच आला.

आठवड्याभराने ती चष्मा दुरुस्त करून परत येत होती. एरवी ती बेकरीच्या बाजूने जात नसे, पलीकडच्या फुटपाथने जायची. पण त्या दिवशी पलीकडे खोदकाम चालू होतं. तिने मान वळवली आणि काचेत तिचे गुलाब होते.

केकपुढे एक पाटी होती. 'आमच्या कारागिरांच्या हातचे केक.'

ती किती वेळ उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिने दार ढकललं.

आत काउंटरशी एक गृहस्थ उभे होते, मुलीच्या वाढदिवसाचा केक ठरवायला आलेले. ते काचेकडे बोट दाखवून विचारत होते, "असाच मिळेल?"

"अगदी असाच," मालक म्हणाला. "आमचे हातच तसे आहेत."

"कुणाचे हात?" क्रीमबाईने विचारलं.

मालकाने पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अरे, तुम्ही? या, या. कशा आहात?"

"कुणाचे हात, ते विचारलं मी." ती काचेपाशी गेली, वाकली आणि गुलाबावर अंगठा जोरात दाबला. गुलाब दबला नाही. ती त्या गृहस्थांकडे वळली. "हा केक नाही. याच्या आत थर्मोकोल आहे आणि वर खिडकीच्या फटी बुजवायचं सीलंट. यांच्या मागच्या फ्रीजमध्ये खोकी आहेत, कारखान्याची. त्यातलं एक तुम्हाला देतील. इथे हाताने करणारं कुणी नाही. जी होती तिला यांनी काढलं."

काउंटरवरची मुलगी फडक्याने पुसलेलीच जागा पुन्हा पुसायला लागली.

"बाई, नमुना सगळेच ठेवतात," मालक दात काढत म्हणाला. "आणि पैसे मोजून घेतलाय मी तो. माल माझा आहे."

क्रीमबाई त्या गृहस्थांकडे पाहत होती. आता हे काहीतरी बोलतील, निदान निघून तरी जातील, असं तिला वाटलं. गृहस्थांनी फुलांकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि अवघडून म्हणाले, "ठीक आहे हो. मुलं काय, कापून खाऊन मोकळी होतात. खोक्यातला असेल तर तोच द्या."

मालकाचा आला नव्हता इतका राग तिला त्या साध्या माणसाचा आला. तो खोकं घेऊन गेला, जाताना तिला रस्ता देऊन, अगदी सभ्यपणे.

दार बंद झालं तसा मालक काउंटरवर पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे हा तुम्ही केलात? केक आणून देणारी ती मुलगी म्हणाली, घरीच करते. तुमची सून वाटतं? वा. म्हणजे हात अजून चांगले आहेत की तुमचे. असं करा, दर महिन्याला एक नवा करून द्या. काच बदलती ठेवू."

माफी नाही, लाज नाही. तो खरोखरच खूश झाला होता. त्याला आठवतच नव्हतं की आपण काय बोललो होतो. इतके दिवस तिने जे उराशी धरून ठेवलं होतं, ते त्याने फडक्याने पुसावं तसं कधीच पुसून टाकलं होतं.

"केक तुझा," क्रीमबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती. "पैसे दिलेस, ठेव. पण पाटी खोटी आहे, आणि खोट्यात माझे हात नकोत." तिने काचेतली पाटी उचलली, आडवी फाडली, मग उभी फाडली आणि तुकडे काउंटरवर ठेवले. तिला कुणी अडवलं नाही.

घरी आली तेव्हा सून क्लिपांवर पानं काढत होती. क्रीमबाईने चपलाही काढल्या नाहीत.

"तुला माहीत होतं, तो केक कुणासाठी आहे."

सुनेच्या हातातली पिशवी थांबली. "होतं."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही केला नसता."

"नसताच केला."

"म्हणूनच नाही सांगितलं." सुनेने पिशवी खाली ठेवली आणि तीही उभी राहिली. तिचा आवाज चढत नसे, त्या दिवशी चढला. "तुमचा अपमान झाला, मान्य. पण मला सांगा, मी कुणाच्या दारात जायचं? पार्लरवाली किती घेणार? तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून तुमचा मुलगा रोज हसत घरी येतो. मला राग यायला सवड तरी आहे का? तुम्ही रागावता आणि गुलाब काढता. मी रागावले तर चूल कोण बघणार?"

"माझ्याच जखमेचा माल विकलास तू."

"विकला," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता. "आणि आता तेही गेलं. मघाशी त्याचा फोन आला होता. 'तुमच्या सासूबाईंनी तमाशा केला, पण जाऊ द्या, मी मनात ठेवत नाही, पुढचा केक कधी देता?' असं विचारत होता. मनात ठेवत नाही म्हणे."

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, आधी दुकानात सगळ्यांसमोर सांगा की आईंचे हात थरथरत नव्हते, तुम्ही खोटं बोललात. मग केक." ती नाक ओढत म्हणाली. "त्याने फोन ठेवला. मूर्खच आहे मी. महिन्याचं काम होतं."

क्रीमबाईला सुनेचा राग आला होता तो आलाच होता, एवढ्याने जाणार नव्हता. लपवलं ते लपवलंच. पण ती खुर्ची ओढून बसली, टेबलावरची पिशवी हातात घेतली आणि तिचा कोपरा बोटांनी चाचपून पाहिला.

"भोक मोठं कापलंयस," ती म्हणाली. "याने पानं जाड येतात."

"मग दुसरी कापा."

"कापते. तू नळी आण. आणि पार्लरवालीला सांग, भाव वाढवायचा. एवढ्या कामाला तो भाव म्हणजे थट्टा आहे."

"तुम्हीच सांगा. तुम्हाला आज जीभ आहे."

"सांगते. उद्याच जाते."

दोघी काम करायला लागल्या, एकमेकींकडे न बघता, भांडी आपटावीत तशा क्लिपा आपटत. थोड्या वेळाने मुलगा कामावरून आला. दारातच त्याला घरातली हवा कळली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तू मध्ये पडू नकोस," दोघी एकदमच म्हणाल्या.

तो मुकाट्याने चहा ठेवायला गेला.