‘बांधी’वरचे अभिप्राय

चंद्रकुमारने कोणाचे वाईट केले नव्हते, आणि त्याची अडचण नेमकी हीच होती. वाईट केलेला माणूस निदान माफी तरी मागू शकतो.

सानगडीत बाजाराच्या रस्त्यावरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये तो बसे. गावाचे अर्ज, दाखले, मुलांचे निकाल, सारे त्याच्या बोटांखालून जात. बोलण्यात तो कच्चा होता. लोकही पडद्याकडे पाहतच त्याच्याशी बोलत आणि ते त्याला सोयीचे वाटे. मित्र म्हणावा असा त्याला एकच होता, अमर. अमरने घरी बसून, नोकरीचा विचार लांबणीवर टाकत, संगणकावर खेळायचा एक सुडोकू तयार केला होता आणि त्याचे नाव ‘बांधी’ ठेवले होते. धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाडलेले धानाच्या शेताचे चौकोन म्हणजे बांध्या. खेळात तशा नऊ बांध्या, प्रत्येकीत नऊ घरे, आणि त्या घरांत एक ते नऊ हे अंक रोपांसारखे रोवायचे. एखादी बांधी बिनचूक भरली की तिच्यात अलगद पाणी चढे आणि अंकांच्या बुडाशी कोवळा हिरवा रंग उमटे. तो रंग मनासारखा जमेपर्यंत अमर कोणाशी धड बोललाही नव्हता.

खेळ इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानात लागला. तिथे प्रत्येक खेळाखाली खेळणारे आपले मत लिहितात, आणि त्या मतांवरच खेळाचे जगणे-मरणे ठरते. ‘बांधी’ला आरंभी दोनच मते मिळाली. एकाने विचारले होते, ‘आणखी एक सुडोकू कशाला?’ दुसऱ्याने पाचांपैकी एक तारा टाकला होता आणि एक अक्षरही लिहिण्याची तसदी घेतली नव्हती.  अमरचे सेंटरवर येणे थांबले. मग एके दिवशी त्याची आई, गोदावरीबाई, दारात येऊन उभी राहिली. सोबत धानाची रोवणी करणाऱ्या बायांची पुढारीण सुंदरबाई होती.

“चंदू, पोट्टा जेवून नाही राहिला बरोबर. असं काय लिहिलं गा लोकाइनं?”

चंद्रकुमारने दोन्ही मते दाखवली. सुंदरबाईने पदर खोचला.

“मंग आपण लिहू ना! कोणाची बांधी मागं पडली, तर आपण धुऱ्यावर उभं राहून पाहतो काय? सारे उतरतो.”

ते खरेच होते. इकडे रोवणी अशीच होते. एकाच्या बांधीत साऱ्या बाया ओळीने उतरतात, सूर्य कलेपर्यंत ती हिरवी करून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या बांधीकडे वळतात. सर्वांनी एकाच दिवशी एकाच जागी जमणे ही या मुलखात माणुसकीची खूण आहे. तीच खूण दुसरीकडे कोणाला वेगळी दिसेल, हे त्या क्षणी चंद्रकुमारच्या मनाला शिवलेही नाही.

बाजाराच्या दिवशी सेंटर गच्च भरले. मत देण्याआधी प्रत्येकाने थोडे तरी खेळायचे, एवढी एकच अट त्याने घातली होती.

“हा चार इथं काहून नाही बसत?” सुंदरबाईने विचारले.

“काकू, त्या ओळीत आधीच एक चार आहे.”

“मंग एकाले दुसरा सहन होत नाही काय? आमच्या घरी चार जावा आहेत बाप्पा, बसतोच ना एका चुलीपाशी!”

अमरला कळू नये म्हणून खरी नावे टाकायची नाहीत असे ठरले होते. सुंदरबाईने डिंपल हे नाव मागून घेतले. रांगेतले लक्ष्मणराव म्हणाले, “वहिनी, डिंपल नावाले गालावर खळी लागते. तुमच्या तोंडात तर दातही नाहीत.”

“दात गेले म्हणूनच तर खळी पडली, भाऊजी. तुमचं काय गेलं ते सांगू काय?”

सारे सेंटर हसले. लक्ष्मणराव मुकाट कैलाश झाले आणि त्यांनी मत दिले, ‘डोकं तापते, पण मन थंड होते.’

गोदावरीबाई सर्वांत शेवटी बसली आणि सर्वांहून अधिक वेळ बसली. कोणाला काही न विचारता, बोटांवर मोजत तिने एक अख्खी बांधी भरली. पाणी चढले, हिरवा रंग उमटला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “लिही. याचे धुरे कुठंच फुटले नाहीत. ज्यानं बनवला त्यानं लय जीव लावला असंल. त्याले म्हणा, थांबू नको.”

“नाव?”

“टाक कोणतंही.”

समोरच्या दुकानावर राख्या टांगल्या होत्या. चंद्रकुमारने लिहिले, राखी.

दुसऱ्याच दिवशी अमर धावत आला. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रक्त दिसत होते. “पाहिलं काय बे? इतके लोक! आणि ही राखी कोण असंल गड्या? तिले माह्ये धुरे दिसले. कुठं तरी एक बाई बसली आहे, मले ओळखत नाही, पाळखत नाही, आणि तिले बरोबर तेच दिसलं!”

चंद्रकुमार हसला. त्या हसण्यात पहिल्यांदाच काहीतरी टोचले. पण आनंद मोठा होता, म्हणून त्याने ते टोचणे बाजूला सारले.

पुढच्या आठवड्यात ती टोचणी खरी ठरली. इंटरनेटवरच्या दुकानाने खेळ काढून टाकला होता. यातली बहुतेक मते एकाच दिवशी, एकाच जागेवरून आली आहेत, असे त्यांनी कळवले होते. ती लिहिणाऱ्यांशी आपला काही संबंध नाही असे खेळ करणाऱ्याने लिहून द्यावे. ते खोटे ठरले, तर त्याला या दुकानात पुन्हा कधीच जागा मिळणार नाही.

अमरने त्याला घरी बोलावून घेतले. ओसरीवर दुपारचे ऊन आले होते आणि गोदावरीबाई सुपात तांदूळ निवडत होती.

“मी तर कोणालेच ओळखत नाही,” अमर लॅपटॉप पुढे सरकवत म्हणाला. “तू लिहून दे चांगल्या भाषेत. अर्जाचं तुले जमते.”

चंद्रकुमारने आरंभ केला. ‘या व्यक्तींशी माझा कोणत्याही प्रकारे’ इथपर्यंत त्याची बोटे सरावाने गेली आणि थांबली. अमर मान पुढे करून वाचत होता. त्याचा श्वास खांद्यावर जाणवत होता. जन्मात खोटे न लिहिलेला हा माणूस आता खोट्याखाली आपले नाव घालणार होता, आणि ते खोटे आहे हेही त्याला ठाऊक नव्हते.

“अमर, ते मी केलं,” चंद्रकुमार म्हणाला. “सारे आपल्या गावचे आहेत.”

अमरला समजायला वेळ लागला. “ती डिंपल?”

“सुंदरकाकू.”

त्याला हसू फुटले. “आणि कैलाश?”

“लक्ष्मणकाका.”

हसू ओसरले. एकेक नाव तो विचारत गेला आणि एकेक माणूस त्याच्या हातून जात राहिला. दूरची ती सगळी अनोळखी माणसे येऊन याच गल्लीत उभी राहिली. चंद्रकुमारला वाटले, त्याने खूप ओरडावे. अमर ओरडला नाही.

“काहून केलं गड्या?” एवढेच तो म्हणाला. मग घाबरत घाबरत त्याने विचारले, “आणि राखी?”

सूप थांबले. गोदावरीबाईने मान वर केली नाही.

अमरचे डोळे पाहवत नव्हते. चंद्रकुमार म्हणाला, “राखीचं मले माहीत नाही. ती आमच्यातली नव्हती.”

अमरने श्वास सोडला. “मंग खरं तेच लिही. बाकी सारे माह्या गावचे आहेत, मले न सांगता लिहिलं. फक्त राखीले मी ओळखत नाही. पुढं त्याइनं खेळ ठेवावा, नाही तर फेकावा.”

चंद्रकुमारने तसेच लिहिले. अर्जाच्या स्वच्छ भाषेत ते वाक्य इतर वाक्यांइतकेच खरे दिसत होते. अमरने वाचले, मान हलवली आणि स्वतःच्या हाताने पाठवले.

निघताना गोदावरीबाई फाटकापर्यंत आली. ती त्याला बोल लावील किंवा पाठीवर हात फिरवील, असे त्याला वाटले होते. तिने दोन्ही केले नाही.

“त्याले वाईट वाटू नये म्हणून बोलला ना तू?”

“हो काकू.”

“ते बरोबर आहे.” ती ओसरीकडे पाहत राहिली. अमर तिथे पाठमोरा बसला होता. “पण आज ना उद्या त्याले सांगीन म्हणत होती मी, का बाबा, ते म्या लिहिलं. तुहे धुरे मले दिसले. आता कसं सांगू?”

 चंद्रकुमार फाटकाची कडी हातात धरून उभा होता; तिनेच ती त्याच्या हातातून सोडवली आणि फाटक लावून घेतले.