बाबांशेजारची जागा

आई वारली ती नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात. आमच्या एल्मरिंगहून जेमतेम चार मैल, पण ते गाव दुसऱ्या चर्चच्या हद्दीत येतं. त्यामुळे तिला इथे बाबांशेजारी पुरता येईल की नाही, असा प्रश्न निघाला.

आमच्या चर्चभोवती आता अकरा कबरींपुरतीच जागा उरली आहे. ती गावात राहणाऱ्यांना किंवा चर्चच्या यादीत नाव असणाऱ्यांनाच मिळते. दर सहा वर्षांनी ही यादी कोऱ्या कागदावर नव्याने करतात. जुन्यांनीही पुन्हा अर्ज भरायचा. सत्तावीस वर्षं हे काम आईकडे होतं. अर्ज घेऊन ती दारोदार फिरायची. चर्चचे कारभारी विल्फ्रेड गॅदरकोल एकदा तिला चुकवायला डुकरांच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले, तर हिने तिथे जाऊन त्यांची सही घेतली.

पाद्रीबाईंनी शेवटची यादी माझ्यासमोर ठेवली. आईच्या ताठ अक्षरात त्रेचाळीस नावं. तिचं नाही. सगळ्यांच्या मागे लागता लागता स्वतःचाच अर्ज भरायचा राहिला होता. मी यादी दोनदा वाचली. चर्चच्या समितीने संमती दिली तर अपवाद करता येईल, असं पाद्रीबाई म्हणाल्या. आणि जागेचा हा नियम समितीत आईनेच मांडला होता, तेही त्यांनी सांगितलं.

ते मला माहीत होतं. याच नियमावर बोट ठेवून तिने गॅदरकोलांच्या भावाला जागा नाकारली होती. सिरिल इप्सविचला राहायला गेला होता. त्याला तिथेच पुरावं लागलं. आणि समिती अजूनही गॅदरकोलांच्या शब्दाबाहेर जात नाही.

गुरुवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत बैठक झाली. सहा माणसं, चहा, शहाजिऱ्याचा केक. मी बरंच ठरवून गेले होते. बोलले एवढंच, की नियम आईचा आहे आणि तो बाजूला ठेवा म्हणणं मला जड जातंय. पण बाबांच्या शेजारची जागा ती वृद्धाश्रमात जाईपर्यंत दर शनिवारी स्वतः खुरपत असे.

"हेस्टर असती तर तिने असलं काही चालू दिलं नसतं हो," समितीतल्या मिस ट्रिगवेल आईबद्दल म्हणाल्या. ते खरंच होतं.

गॅदरकोलांनी कप खाली ठेवला.

"माझ्या सिरिलला नाही म्हणाली ती. तोंडावर. दोन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही."

मी टेबलाकडे पाहत राहिले.

"मग एका रविवारी गाडी घेऊन दारात हजर. म्हणाली, बस, विल्फ्रेड, तोंड उघडायची गरज नाही. मला इप्सविचला सिरिलकडे घेऊन गेली. पुढं दर महिन्याला नेलं. नऊ वर्षं, तिची नजर अधू होईपर्यंत. वाटेत मी काही बोललो की खोडून काढायची."

मला हे कधीच कळलं नव्हतं. फोनवर ती म्हणायची, आज दुपारी काम आहे गं.

"आता तिला नदीपलीकडे पुरलंत तर मला तिच्याकडे कोण नेणार?" गॅदरकोल म्हणाले. "एक्क्याऐंशीव्या वर्षी गाडी शिकू? इथं असली तर काठी टेकत जाईन. भांडायला जवळच बरी ती."

मग नियम रद्द करायचा का, असं मिस ट्रिगवेलनी विचारलं. नियमाला हात लावायचा नाही, नियम चांगला आहे, असं गॅदरकोलांनी बजावलं. फक्त ही एक वेळ. सहाही हात वर झाले.

पाद्रीबाईंनी इतिवृत्तात लिहायला घेतलं: एकमताने मंजूर. गॅदरकोल त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होते.

"एकमताने कसलं?" ते म्हणाले. "लिहा, हेस्टरचा विरोध होता."

पाद्रीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्यांनी तसं लिहिलं.