पारड्यातली पेटी

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या बाजारात शिंकणाऱ्याला कुणी काही विचारत नसे. गावाबाहेर लाल मिरचीच्या पथाऱ्या, बाजारात पोत्यांच्या थप्प्या, आणि हवेत असा खकाणा की परगावचा माणूस दोन दुकानं ओलांडेपर्यंत रडकुंडीला यायचा. इंदरमल शेठांनी सगळा जन्म त्या खकाण्यात काढला, पण ते कधी खोकले नाहीत. डोळे तेवढे अधू झाले. म्हणून दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की त्यांची एकुलती मुलगी तीजाबाई दोन गल्ल्या ओलांडून सासरहून यायची आणि त्यांना वाचून दाखवायची.

वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. पोरीला मुनीम करायचं आहे का, असं नातलगांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की मुनीम परवडतो, पण तो मध्येच पेंगतो.

त्या दिवशी ती एका मासिकातलं प्रवासवर्णन वाचत होती. लिहिणारा नावेतून नदी ओलांडत होता. ‘पलीकडच्या तीरावर पाऊल ठेवलं, तेव्हा’ इथवर ती आली आणि गल्लीच्या तोंडाशी झांजा वाजल्या. तीजाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, मासिक मिटलं आणि आतल्या दाराच्या चौकटीआड जाऊन उभी राहिली.

झांजांच्या पुढे लालचंद शेठ असणार, आणि लालचंद शेठ म्हणजे तिचे चुलत सासरे. सासरच्या थोरल्या पुरुषांपुढे सुनेनं शब्द काढायचा नाही, अशी त्यांच्यात रीत. तिच्या लग्नापासून आजवर लालचंदांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. त्यांना पाणी हवं का हे विचारायचं तरी ती दाराची कडी वाजवायची.

लालचंद पांजरापोळीचे पुढारी होते. म्हाताऱ्या, लुळ्या जनावरांना चारापाणी करायचं, काम पुण्याचंच. पण वर्गणी गोळा करायची त्यांची तऱ्हा अशी की झांजा ऐकताच दुकानदार हातातलं गिऱ्हाईक घाईनं वाटेला लावायचे. त्यांच्याजवळ पत्र्याची एक जड पेटी होती. तिच्यावर गायवासराचं चित्र, चित्राला हळदकुंकू. दुकानात शिरायचं आणि ती पेटी नेमकी काट्याच्या पारड्यात ठेवायची. मग ओट्यावर बसून भजन म्हणायचं. पारडं अडलं की तोलणं बंद, तोलणं बंद की धंदा बंद. आणि त्या चित्राला हात लावून पेटी खाली ठेवेल असा माईचा पूत बाजारात नव्हता. दुकानदार मुकाट्यानं पैसे टाकायचा, तेव्हा लालचंद पेटी उचलायचे आणि म्हणायचे की धर्म आपोआप होत नसतो, करवून घ्यावा लागतो.

इंदरमल दर वर्षी त्यांना एकच सांगत. दाराशी उभे राहून मागा, देईन. अडवून मागाल, तर छदाम नाही. लालचंद दर वर्षी अडवूनच मागत. म्हणून बाजारात इंदरमलांचं नाव ‘मूठ’, कधी न उघडणारी, असं पडलं होतं.

त्यात त्या दिवशी सकाळीच एक गोष्ट घडली होती. दुकानाच्या ओट्याखाली दगूबाई लसूण विकायला बसायची. पेटी आधी तिच्या पाटीवर ठेवली गेली, आणि तिनं नुकतीच झालेली पहिली विक्री, भवानीचे पैसे, त्यात टाकून सुटका करून घेतली.

“मन्ही भवानीच ली ग्यात, शेट,” ती इंदरमलांना म्हणाली होती. “त्यावर गायना फोटो शे. हात कसा लावू?”

आता मंडळी ओट्यावर आली, पेटी इंदरमलांच्या पारड्यात बसली आणि ते पारडं दाणकन जमिनीला टेकलं. भजन सुरू झालं. एक गिऱ्हाईक आलं, पेटी पाहून माघारी गेलं. दुसरंही गेलं. मग इंदरमलांनी हमाल रामसिंगला हाक मारली आणि रिकामी पोती झटकायला सांगितली.

रामसिंगनं पोती झटकली, तीही ओट्याच्या बाजूला तोंड करून. लाल धुरळा उठला. बन्सीलाल नावाचा खड्या आवाजाचा झांजवाला वरच्या सुरात होता, तो मध्येच खोकू लागला आणि मागचे सगळे एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. लालचंदांनी उपरणं नाकाला लावलं.

“इंदरमलजी, मूठ तशीच मिटून वर जायचा विचार आहे का?”

“मुठीत काही नाही, लालचंदजी. मिरची लागलीय हाताला. तुम्ही तेवढे डोळे चोळू नका.”

चौकटीआड तीजाबाईनं पदर तोंडात धरून हसू दाबलं. पण लालचंद हसणाऱ्यांतले नव्हते. ते उठले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पेटी इथंच राहील. गोमातेला उपाशी ठेवून कोण सुखानं झोपतं ते बघू.”

“ज्यानं ठेवली त्यानंच उचलायची,” इंदरमल म्हणाले. “मी हात लावणार नाही.”

हे बोलताना त्यांनी मान वळवून चौकटीकडे पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल? पदराचा एक रंग. तीजाबाईच्या ओठाशी शब्द आले होते. लालचंद पायरीवरच होते. तिनं ते गिळले.

मंडळी गेली तोवर घरी स्वयंपाकाची वेळ झाली होती. पलीकडे उतरल्यावर त्या माणसाला काय दिसलं, असं इंदरमलांनी विचारलं. उद्या सांगते बापूजी, असं म्हणून ती चपला घालून निघाली.

पहाटे रामसिंग दूध घेऊन गेला, तेव्हा इंदरमल गादीवर कुशीवर निजल्यासारखे होते. वैद्यांनी छातीचं कारण सांगितलं. पेटी पारड्यात होती.

चितेची राख निवायच्या आत बाजारात कुजबुज फिरली. दारातली गाय उपाशी ठेवली, तिनं त्यांना रात्र काढू दिली नाही. भेटायला आलेल्या बायका हे तीजाबाईच्या देखत बोलल्या आणि मग तिला जवळ घेऊन रडल्या. तिनं रडू दिलं. पेटीला हात लावायचं कुणाला धाडस होईना. इंदरमलांचा पुतण्या धर्मचंद आता दुकानाचा धनी होणार होता. तो त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसे.

तिसऱ्या दिवशी उठावणं झालं. दुखवट्याला जातीची माणसं दुकानातच जमली, बायका आतल्या दाराशी. लालचंद पांढऱ्या पगडीत आले, धर्मचंदाच्या पाठीवरून हात फिरवला आणि बसल्या जागेवरून बोलू लागले. त्यांचं बोलणं गोड होतं. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये. चुका कुणाच्या हातून होत नाहीत? पांजरापोळीत जनावरांना पाण्याचा हौद बांधायचा आहे, त्यावर इंदरमलजींचं नाव घालू, म्हणजे त्या रात्रीचं प्रायश्चित्त होईल आणि त्यांच्या जिवाला वाट मोकळी होईल. घरच्यांनी खर्चाला फक्त हो म्हणायचं.

माना डोलल्या. बन्सीलालनं मागून पुस्ती जोडली, “जित्यापणी सुटली नाही ती मूठ आता तरी सुटू द्या.”

कुणीतरी नाकातून हसलं. दुखवट्याच्या बैठकीत, बापूजींच्या गादीसमोर. तीजाबाईला वाटलं, धर्मचंद उठेल. धर्मचंद घाम पुसत होता. एकदा तो हो म्हणाला की हौदाच्या दगडावर तिच्या वडिलांचं नाव बसणार, आणि पाणी पाजायला येणारा प्रत्येक जण आपल्या पोराला सांगणार की हा तो मूठवाला, पापानं मेला, मग त्याच्या माणसांनी दंड भरला.

“काकाजी म्हणतात तसंच...” धर्मचंदानं सुरुवात केली.

कडी वाजली. बायका पाण्याचं विचारत असतील, असं समजून कुणी लक्ष दिलं नाही. कडी पुन्हा वाजली. मग तीजाबाई चौकट ओलांडून बाहेर आली. हनुवटीपर्यंतचा पदर तसाच होता. ती बैठकीच्या कडेकडेनं काट्यापाशी गेली आणि जमिनीला टेकलेल्या पारड्याजवळ उभी राहिली. मागून तिच्या सासूनं दबक्या आवाजात तिला नावानं हाक मारली. लालचंद समोर न पाहता म्हणाले की सूनबाईंना आत न्या, त्यांना शोक आवरत नाहीये.

“शोक आवरला आहे, काकाजी,” तीजाबाई म्हणाली.

लालचंदांनी मान वर केली. हा आवाज कुणाचा, हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

“बापूजी छातीच्या दुखण्यानं गेले, पापानं नाही. हौदावर त्यांचं नाव घालायचं नाही. दाराशी उभं राहून मागा म्हणाले होते, तुम्ही मागितलं नाहीत, अडवलंत. हे मी त्या दिवशी त्या दारातून बोलायला हवं होतं. बापूजी माझ्याकडे बघत होते.” तिनं पारड्याकडे बोट दाखवलं. “ही पेटी तुम्ही ठेवलीत. आता तुम्हीच उचला.”