डोरीनची साक्ष

"मर्ल, आता तुम्ही खाली जा आणि निवांत कॉफी प्या," वकील रूनी म्हणाला. "बोलावल्याशिवाय वर यायचं नाही."

"का? आता तर डोरीनची साक्ष आहे."

"म्हणून तर. नवरा समोर बसलेला असला की बायको मोकळी बोलत नाही. आणि तुमचं तोंड वाकडं झालं की ज्युरी तुमच्याकडे बघत बसते. माझ्याकडे वकिली शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला धडा हाच देतो. दुखापतीच्या खटल्यात घरच्या माणसाची साक्ष चालू असताना अशिलाला खोलीत ठेवायचं नाही."

मर्ल कोव्हालिकने मान डोलावली. सगळी उमर पावाची गाडी चालवण्यात गेली होती, त्याला धड्यांशी काय करायचं होतं? पहाटे तीनला उठायचं, पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ जिल्ह्यातल्या दुकानादुकानांत ताजा पाव पोचवायचा आणि दुपारी घरी येऊन झोपायचं, एवढंच त्याचं आयुष्य. सिग्नलला उभ्या असलेल्या त्याच्या गाडीवर खडीचा ट्रक मागून येऊन आदळला, तेव्हापासून तेही संपलं. पाठीत सळ्या बसल्या, डावा पाय लाकडासारखा झाला. दुसरं ऑपरेशन व्हायचं होतं आणि ट्रकवाल्यांची विमा कंपनी म्हणत होती, माणूस तर हिंडता-फिरता दिसतो! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण शहाण्यांच्या पाठीत सळ्या नसतात.

खाली कॉफी घेताना त्याला एकदम आठवलं, चार लोकांत बोलायची वेळ आली की डोरीनला उचकी लागते. त्यांच्या लग्नातसुद्धा लागली होती, पाद्री बिचारा थांबून राहिला होता. आपण नुसते दिसलो तरी तिला धीर येईल, असं मर्लला वाटलं. कॉफी तशीच टाकून, काठी टेकत तो वर आला, हळूच दार ढकललं आणि मागच्या बाकावर टेकला.

डोरीनला उचकी लागलेली नव्हती. ज्युरीतल्या बारा जणांकडे तोंड करून ती अगदी सावकाश बोलत होती.

"भांडत नाही हो तो. भांडला असता तर बरं झालं असतं. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात बसतो, जायचं कुठंच नसतं. मी आत जागी असते. झोपल्याचं सोंग करते."

"वृद्धाश्रमातल्या नोकरीत तुम्ही हल्ली जास्तीच्या पाळ्या करता. पैशांसाठी?" रूनीने विचारलं.

"लोकांना तसं वाटतं."

तेवढ्यात रूनीची नजर मागे गेली. मर्ल त्याला दिसला. दोघांची नजरानजर झाली. मर्लला वाटलं, आता हा थांबेल, निदान पाणी प्यायचं निमित्त तरी करेल. रूनीने घसा साफ केला आणि पुन्हा डोरीनकडे वळला.

"मग पाळी संपल्यावर तुम्ही काय करता, मिसेस कोव्हालिक?"

"किराण्याच्या दुकानाबाहेर गाडी लावून बसते. तिथून आमच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. तो बंद झाला, तो झोपला, की मग घरी जाते."

"किती दिवस चाललंय असं?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

ज्युरीतल्या एका बाईने डोळे पुसले. मर्ल उठला आणि आला तसा बाहेर गेला.

त्या हिवाळ्यात रोज रात्री त्याने तिचं ताट ओव्हनमध्ये ऊन ठेवलं होतं. आपल्यापायी बायको मरमर मरते म्हणून तो मनातल्या मनात झुरला होता. शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये माशांचं गावजेवण असे, तिथे तो भेटेल त्याला सांगे, "डोरीन आहे म्हणून मी आहे, बाबा!" आणि ती दोन गल्ल्यांपलीकडे बसून दिव्याकडे बघत होती! बरं, हे तिने रूनीला आधीच सांगितलेलं असणार. उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न वकील विचारत नाही, एवढं मर्ललाही कळत होतं. जे नवऱ्याला सांगितलं नाही ते वकिलाला सांगितलं, आणि वकिलाने ते चव्हाट्यावर मांडलं. पाठीत ट्रक घुसला तेव्हा इतकं दुखलं नव्हतं.

संध्याकाळी डोरीनने कोबी-शेवया परतल्या.

"कसं झालं गं?" मर्लने विचारलं.

"बरं झालं. रूनी म्हणाला, छान बोललात."

"उचकी?"

"नाही लागली या वेळी." ती हसली. "तू खा ना, गार होतंय."

त्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मर्ल साक्षीला उभा राहिला. डोरीन तिसऱ्या बाकावर बसली होती. तिला कुणी कॉफी प्यायला पाठवलं नव्हतं. विमा कंपनीची वकील मिसेस पेंटलँड मोठी गोड बाई. तिने पाठीची विचारपूस केली, पावाची केली आणि मग अलगद हात घातला.

"तुमच्या मिसेस तुमच्यासाठी किती राबतात, मिस्टर कोव्हालिक! असं घर नशिबाने मिळतं. सुखी संसार आहे तुमचा, हो ना?"

सापळा मर्लला दिसत होता. हो म्हटलं तर घराची अब्रू राहणार होती, पण डोरीनची साक्ष खोटी पडून ऑपरेशनचे पैसे जाणार होते. नाही म्हटलं तर बायकोला भर कोर्टात कळणार होतं की यालाही सगळं कळलंय. त्याने डोरीनकडे पाहिलं. ती त्याला धीर द्यायला मान हलवत होती.

"परवा विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं," मर्ल म्हणाला.

बाईने तिथेच थांबायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं, वकिलाच्या तर नसतंच.

"का? काल असं काय झालं?"

"काल मी मागच्या बाकावर बसलो होतो."

डोरीनचा हात तोंडावर गेला. तिला उचकी लागली. एवढ्या शांत खोलीत ती सगळ्यांना ऐकू आली.

ज्युरीने मागितलं तेवढं दिलं, वर थोडं जास्तच. व्हरांड्यात रूनीने मर्लचा हात दोन्ही हातांत धरला.

"काय उत्तर दिलंत हो! इतकी वर्षं पोरांना शिकवतोय, असं उत्तर शिकवून येत नाही."

"तुम्ही मला बघितलं होतं."

रूनीने आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "बघितलं होतं."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर तुमची केस गेली असती, मर्ल. मी तुमचाच वकील आहे."

"हो. तीही माझीच बायको आहे," मर्ल म्हणाला आणि हात सोडवून घेतला.

परतताना गाडी डोरीन चालवत होती. वाटेत ती म्हणाली, "मला वाटलं तू खाली आहेस."

"तुला उचकी लागेल म्हणून वर आलो होतो."

तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मर्लला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्याने ठेवला नाही.

उन्हाळ्यात पैसे आले, ऑपरेशन झालं. आता जास्तीच्या पाळ्यांची गरज उरली नव्हती. पहिले काही दिवस डोरीन वेळेवर घरी आली, समोरासमोर बसून जेवली, हवापाण्याच्या गोष्टी बोलली. मग एका सोमवारी तिने फोन केला, "आज एक बाई आली नाही रे. थोडा उशीर होईल."

"बरं," मर्ल म्हणाला.

त्याने एकट्याने जेवून घेतलं, तिचं ताट झाकून टेबलावर ठेवलं. काठी घेऊन उठला आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद केला. बाहेर अजून चांगला उजेड होता. समोरच्या अंगणात कुणीतरी गवत कापत होतं. मर्ल आत जाऊन, कपडे न बदलताच, भिंतीकडे तोंड करून पडला.

थोड्या वेळाने डोरीनची गाडी दारात आली.